मोठी पार्टी गेली तेव्हा

सदर : संसाराचा ताळेबंद



अंबरनाथच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्या घरी शिलाईकाम करतात. गेली सहा वर्षे एकाच व्यापाऱ्याचे गाऊन नगावर शिवून देत होत्या. दिवाळीनंतर व्यापाऱ्याने माल देणे बंद केले. "बाहेरून तयार माल स्वस्तात येतो, तुमच्याकडून शिवून घेणे परवडत नाही," एवढेच सांगितले. पती वॉचमन आहेत, दोन मुले शाळेत आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "दादा, मशीन झाकून ठेवली आहे. शेजारी विचारतात तर सांगते की पाठ दुखते. नवीन काम कोणाकडे मागू आणि कसे मागू?"

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पाठ दुखते हे वाक्य वाचून मला माझेच दिवस आठवले. म्हणून उत्तर देण्याआधी माझी गोष्ट सांगतो. ती मला फारशी भूषणावह नाही, पण तुमच्या उपयोगाची आहे.

मी दिवसा एका खाजगी कंपनीत क्लार्क आहे आणि संध्याकाळी दुकानदारांच्या वह्या लिहितो. त्याला आमच्याकडे पार्टटाइम अकाऊंट म्हणतात. ऑफिसची त्याला परवानगी आहे. बिले लावायची, टॅलीत नोंदी करायच्या, बँकेचे खाते जुळवायचे आणि दर महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आत जीएसटीचे आकडे तयार करून वकिलाला किंवा सी.ए.ला द्यायचे, असे ते काम. ऑडिटची सही सी.ए.ची. आपण फक्त वही चोख ठेवायची.

माझ्या चार पार्ट्या होत्या. तीन लहान, मिळून महिन्याला ४,००० रुपये देणाऱ्या. चौथी उल्हासनगरातील होलसेलची पेढी, ती एकटीच ८,५०० रुपये देई. अकरा वर्षे ते काम माझ्याकडे होते. आमच्या घराचा हप्ता ८,१०० रुपये. पेढीचे पैसे आले की ते तसेच बँकेत जात. मी बी.कॉम. झालेला माणूस, लोकांचे ताळेबंद तयार करणारा. पण माझ्या घराचे छप्पर एकाच खांबावर उभे आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. ध्यानात आले असेल, पण तिकडे पाहिले नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये शेठने मला बसवून चहा दिला. त्यांचा मुलगा धंद्यात आला होता. त्याने सगळे हिशेब एका मोठ्या ऑफिसकडे द्यायचे ठरवले होते. शेठ म्हणाले, "तुमच्या कामात खोट नाही, पण आता पोरगा म्हणेल तसं." खोटे कशाला बोलू? माझी पार्टी जातीमुळे गेली नाही. काळ बदलला, मालक बदलला, म्हणून गेली.

घरी आलो आणि काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळी पिशवी घेऊन बाहेर पडलो. कल्याण स्टेशनच्या बाकावर दोन तास बसलो आणि परत आलो. असे बारा दिवस केले. तेराव्या दिवशी पत्नीने विचारले, "हल्ली तुमच्या पिशवीत बिलं नसतात, काय झालंय?" तेव्हा सांगावे लागले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मला सांगायला बारा दिवस लागले, मग बाहेर कधी सांगणार?"

आता त्याहून अवघड गोष्ट. आमच्या वस्तीतील विहाराच्या मंडळाचा मी खजिनदार. १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी जमत होती. ४६,३०० रुपये रोख माझ्या घरी कपाटात होते, सोमवारी बँकेत भरायचे होते. घराचा हप्ता ५ तारखेला होता. शनिवारी रात्री मी कपाट उघडून त्या नोटांकडे पाहत उभा राहिलो. मनात आले, आठ हजार आज घ्यावेत, जयंतीच्या आत परत ठेवावेत, कोणाला कळणार आहे? वही माझीच, शिक्काही माझाच.

बंधू-भगिनींनो, मी पैसे घेतले नाहीत. पण विचार आला, हे खरे आहे. ज्या वर्गणीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे पन्नास-पन्नास रुपये आहेत, त्यावर माझी नजर गेली. गरजेपेक्षा लपवाछपवीने मला तिथवर नेले. लोकांसमोर सगळे ठीक दाखवायचे ठरवले की हप्ताही ठीक दाखवावा लागतो, आणि मग हात कुठेही जातो.

रविवारी सकाळी मंडळाची बैठक होती. वंदना झाली, जयंतीचे विषय झाले. शेवटी मी उभा राहिलो आणि सांगितले, "माझी मोठी पार्टी गेली आहे. सध्या घरात ओढाताण आहे. अशा वेळी रोख रक्कम माझ्याकडे असू नये. ती आजच दुसऱ्याकडे द्या. आणि कोणाला वही लिहिणारा माणूस हवा असेल तर माझ्या संध्याकाळी मोकळ्या आहेत." बोलताना घसा कोरडा पडला होता.

अध्यक्ष आमचे रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका आहेत. त्यांनी रक्कम सचिवांच्या ताब्यात दिली आणि यापुढे कोणाही खजिनदाराने हजाराच्या वर रोख घरी ठेवायची नाही, असा ठराव करून घेतला. खजिनदार मात्र मलाच ठेवले. कोणी हसले नाही. पायऱ्या उतरताना आमच्याच चाळीतील एक आक्का थांबल्या. त्यांची खानावळ आहे, एका कारखान्याला त्या चाळीस डबे देतात. म्हणाल्या, "भाऊ, कंपनी म्हणते नंबरवार छापील बिल द्या. मला त्यातलं कळत नाही. तुम्हाला विचारणार होते, पण तुम्ही मोठ्या पेढीचे, आमचं बारकं काम कसं घ्याल, म्हणून गप्प बसले." महिना १,२०० रुपयांचे काम ठरले.

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. काम शेजारीच होते. मी मोकळा आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि तिला गरज आहे हे मला ठाऊक नव्हते.

एप्रिलचा हप्ता पत्नीने बचत गटातून कर्ज काढून भरला. गटाच्या वहीत रीतसर नोंद झाली, व्याज ठरले, पुढे ते फेडले. विहाराच्या कपाटातून चोरून घेतलेले आठ हजार आणि बचत गटातून मागून घेतलेले आठ हजार, रक्कम एकच; पण एका मार्गाने माणूस समाजातून उठतो आणि दुसऱ्या मार्गाने टिकतो.

पुढे मी काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, एका वहीत नावे लिहिली. ज्यांनी माझे काम पाहिले आहे किंवा जे मला ओळखतात आणि ज्यांचा काही धंदा, संस्था, ठेका आहे, अशी ३१ नावे निघाली. अनोळखी दारे ठोठावण्याआधी ओळखीची दारे. प्रत्येकाला भेटून एकच वाक्य सांगितले : मी वह्या लिहितो, जीएसटीचे आकडे तयार करतो, आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळ्या आहेत, तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत काम असेल तर सांगा. रडगाणे गायलो नाही. ३१ पैकी १७ जणांकडून काही झाले नाही. ८ जण "पुढे बघू" म्हणाले. ६ ठिकाणी काम मिळाले. हे सगळे व्हायला दिवाळी उजाडली. म्हणजे आठ महिने गेले. पहिल्या महिन्यात काही झाले नाही म्हणून वही मिटू नका.

दुसरी गोष्ट, गेलेल्या पार्टीशी भांडलो नाही. सगळी बिले, वह्या, पासवर्ड यांची यादी करून दिली आणि पोच घेतली. माझे दोन महिन्यांचे १७,००० रुपये येणे होते. त्याचा कागदावर हिशेब लिहून दिला, दोन हप्त्यांत पैसे आले. मग शेठना म्हणालो, "तुमच्या शेजारी कोणाला गरज असेल तर माझे नाव सांगा." त्यांनी सांगितले. त्यांच्या गल्लीतील एका दुकानाचे १,५०० रुपयांचे काम आजही माझ्याकडे आहे. जाताना दार आपटले असते तर ते मिळाले नसते.

तिसरी गोष्ट, कोणाला कधी गरज पडते त्याचा विचार केला. आपल्या अनेक वस्त्यांच्या जागी आता झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील इमारती उभ्या आहेत. इमारत झाली की सोसायटी आली, सोसायटी आली की वही आली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिच्यापुढे हिशेब ठेवावे लागतात. पण वही लिहिणारा कोणी नसतो, पावत्या पिशवीत पडून असतात. अशा एका सोसायटीच्या चिटणिसांना मी एप्रिलमध्येच भेटलो. सप्टेंबरच्या धावपळीत गेलो असतो तर त्यांनी दुसरा शोधला असता. ते काम २,००० रुपयांचे. एक लेबर कॉन्ट्रॅक्टर, एक औषधांचे दुकान आणि एक टेम्पोवाले बंधू अशी बाकीची कामे मिळाली. सगळी मिळून ८,७०० रुपये.

चौथी गोष्ट, दर पाडला नाही. एकाने सांगितले, "तुमची पार्टी गेली आहे ना, मग निम्म्यात करा." मी महिन्याची बिले मोजली, तास मोजले आणि नम्रपणे नाही म्हणालो. गरजेच्या दिवसांत पाडलेला दर पुढे वर येत नाही, आणि बाजारात आपल्यासारख्या दुसऱ्याचाही दर त्याबरोबर पडतो.

पाचवी गोष्ट फसवणुकीची. त्या दिवसांत मला मोबाइलवर संदेश आला : घरबसल्या टायपिंग करा, महिना पंचवीस हजार, फक्त २,५०० रुपये नोंदणी फी. मी भरायच्या बेतात होतो, लेकीने हात धरला. या धंद्यात आधी फी घेतात, मग कामात चुका दाखवतात, मग वकिलाची खोटी नोटीस पाठवून आणखी पैसे उकळतात. लक्षात ठेवा, काम देणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. कोणी फसलाच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आता लाजेविषयी दोन शब्द. काम मागायला आपल्या माणसाची जीभ अडते, याला कारण आहे. आपल्या आज्या-पणज्यांना गावात घरोघर भाकरी मागावी लागली. तो हात पसरण्याचा इतिहास आपण मागे टाकला. म्हणून आजही "मला काम आहे का" असे विचारताना कुठेतरी वाटते, पुन्हा हात पसरतो आहोत की काय. पण ताई, भाकरी मागणे वेगळे आणि काम मागणे वेगळे. आपण आपली कला आणि वेळ पुढे करतो, त्याचा दर सांगतो. व्यापारी दुकानावर पाटी लावतो ती लाजत नाही.

आणि गिऱ्हाईक तुटणे ही नालायकीची खूण नव्हे. १९१७ च्या अखेरीस बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडून बाबासाहेब मुंबईत आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, पण हाती काम नव्हते. त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बसला. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची गिऱ्हाइके ज्या कारणाने तुटली तसे आपल्याला आज दरवेळी सोसावे लागत नाही. मग आपण मशीन झाकून का बसावे?

आता ताई, तुमच्यापुरते बोलतो.

पाठ दुखते हे आजच सांगणे बंद करा. शेजारणींना सांगा, व्यापाऱ्याचे काम थांबले आहे, आता मी घरचे शिवणकाम घेते. मग वहीत नावे लिहा. सहा वर्षांत कोणाकोणाचा ब्लाउज, फ्रॉक, पडदा तुम्ही सहज शिवून दिलात ते आठवा. बाजारातील टेलरच्या दुकानात जाऊन विचारा, कारण लग्नसराईत त्यांच्याकडे काम तुंबते आणि हातशिलाई, फॉल, काजे-बटणे ते बाहेर देतात. शाळेचे गणवेश विकणारे दुकानदार जूनच्या आधी शिवून घेतात, त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये भेटा. आणि आपल्याच घरचे गिऱ्हाईक विसरू नका. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसणाऱ्या भगिनींना पांढरा ब्लाउज लागतोच. त्याची ऑर्डर महिनाभर आधी घ्यायला सुरुवात करा.

नवा व्यापारी नमुना मागेल. एक नग शिवून द्या. दहा नग फुकट मागणारा नमुना पाहत नसतो, माल काढून घेत असतो. दर ठरवताना दोरा, सुई, विजेचे बिल आणि तुमचे तास धरा. नगांची संख्या, दर आणि पैसे देण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून त्याची सही घ्या.

उद्यम नोंदणी करून घ्या. आधार आणि पॅन लागते. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर केला तर व्याज द्यावे लागते, ते रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि चक्रवाढ. तरीही न दिल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. काम सुरू करण्याआधी नोंदणी असलेली बरी. आणि जीएसटीला घाबरू नका. शिलाईसारख्या कामाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे साधारणपणे त्याची नोंदणी लागत नाही. साध्या कागदावर नंबर आणि तारीख घालून केलेले बिलही बिलच असते.

शेवटची गोष्ट पुन्हा खांबाची. आज माझ्या नऊ पार्ट्या आहेत. बाहेरचे उत्पन्न १२,७०० रुपये, म्हणजे पूर्वीपेक्षा दोनशेच जास्त. पायपीट दुप्पट झाली, हे कबूल. पण सर्वात मोठी पार्टी २,००० रुपयांची, एकूण रकमेच्या सहाव्या हिश्शाहून कमी. ती उद्या गेली तरी हप्ता थांबणार नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक संसाराला, दोन व्यवसायाला आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी बाजूला. आपल्या कमाईत चौथा भाग काढणे मला तरी जमत नाही. मी दहावा काढतो. १,२७० रुपये महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पत्नीच्या खात्यात जातात. तीन हप्ते भरतील एवढी रक्कम त्यातून जमली आहे. कमी असेल, पण आता रात्री कपाटासमोर उभे राहावे लागत नाही.

ताई, या रविवारी तुमच्या विहारात वंदना झाल्यावर थांबा आणि मोठ्याने सांगा की तुम्ही शिवणकाम घेता. इतर वाचकांनाही विनंती आहे. वंदनेनंतर पाच मिनिटे यासाठी राखून ठेवा. कोणाकडे काम आहे आणि कोणाचे हात मोकळे आहेत, एवढेच विचारा. आमच्या विहारात हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. मागच्या खेपेस एका गवंडी बंधूला आणि एका रंगारी बंधूला असे काम मिळाले. आक्कांच्या खानावळीला पोळ्या लाटायला बाई हवी होती, तीही तिथेच मिळाली.

मशीनवरचे कापड काढा, ताई. पहिली ऑर्डर मिळाली की पत्र लिहा.

जयभीम!